‘पंचवीसचे सव्वासहा’ हा हिशेब का जमत नाही: जुनं शूटिंग नव्या फॉरमॅटमध्ये नेताना बिटरेट

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकरोडला राहता, वडील पूर्वी पंचवटीत लग्नाचं आणि कार्यक्रमांचं शूटिंग करायचे. घरात तासातासाच्या ४० मिनीडीव्ही कॅसेट आहेत, त्यात २००३ च्या सिंहस्थाचं बरंच चित्रण आहे. २०१५ च्या सिंहस्थाचं साधारण ६० तासांचं एव्हीसीएचडी (एचडी कॅमकॉर्डरचा फॉरमॅट) शूटिंग आहे. शिवाय लग्नांच्या १२० डीव्हीडी, प्रत्येकी दोनेक तासांच्या. कॅसेट तुम्ही फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. आता सगळं १ टीबीच्या एका पोर्टेबल डिस्कवर बसवायचंय, टीव्हीवर आणि मोबाइलवर चालेल असं. तुमचा हिशेब असा की प्रत्येक नवा फॉरमॅट निम्म्या बिटरेटमध्ये (म्हणजे सेकंदाला लागणाऱ्या निम्म्या बिटमध्ये) तेवढंच चित्र देतो. म्हणून डीव्हीच्या २५ एमबीपीएसचे (सेकंदाला मेगाबिट) एच.२६४ ला साडेबारा आणि एच.२६५ ला सव्वासहा. डीव्हीडीच्या पाचाचे शेवटी सव्वा. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर बरोबर तक्ता कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

तक्ता नाही. म्हणजे इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत, पण तुमच्या कामाला त्यातला एकही लागू पडणार नाही. कारण मूळ फाईलचा बिटरेट घेऊन त्याला कशाने तरी भागलं की नव्या फाईलचा बिटरेट मिळतो, हे गृहीतकच कच्चं आहे. नव्या फाईलला किती बिट लागतील हे त्या चित्रात काय चाललंय, ते किती स्वच्छ आहे आणि शेवटी कुठे बघायचंय यावर ठरतं. जुन्या फाईलचा आकडा त्यात फार तर वरची मर्यादा सांगतो, आणि कधीकधी तेवढंही नाही.

तरी ‘निम्म्याचा नियम’ खोटा नाही. तो आला कुठून ते बघा. डीव्हीडीत असतं ते एम्पेग-२ हे १९९० च्या दशकाच्या मध्याचं. एच.२६४ आलं २००३ मध्ये, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ मध्ये. दर वेळी बनवणाऱ्यांचं उद्दिष्ट साधारण हेच होतं की डोळ्याला तेवढंच चांगलं दिसणारं चित्र निम्म्या बिटमध्ये बसवायचं. ते बऱ्याच अंशी साधलंही. याचा सगळ्यात सोपा पुरावा आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आहे. १०८० ओळींच्या, सेकंदाला ३० फ्रेमच्या शूटिंगला जुन्या पद्धतीत मिनिटाला १३० एमबी आणि ‘हाय एफिशिएन्सी’मध्ये ६० एमबी लागतात, असं फोन स्वतःच सांगतो. तोच सेन्सर, तेच दृश्य आणि निम्मी जागा.

पण या उदाहरणात एक अट लपलेली आहे. दोन्ही वेळा एन्कोडरच्या, म्हणजे चित्र दाबणाऱ्या यंत्रणेच्या, हातात सेन्सरवरून आलेलं कोरं, न दाबलेलं चित्र होतं. तुमच्या हातात तसं काही नाही. तुमच्या डीव्हीडीतलं चित्र एम्पेग-२ ने एकदा दाबलेलं आहे. कडांभोवती वळवळणारे ठिपके, सपाट भिंतीवर पडलेले चौकोन, जलद हालचालीत फुटलेलं चित्र हे सगळं आता त्या चित्राचाच भाग झालंय. नव्या एन्कोडरला कळत नाही की ही नवरीच्या शालूची जर आहे आणि हा वीस वर्षांपूर्वीच्या एन्कोडरने केलेला कचरा आहे. तो दोन्ही तितक्याच इमानदारीने जपायला बघतो. आणि असा कचरा फ्रेमगणिक बदलत असल्यामुळे त्यालाच जास्त बिट लागतात. पुरेसे दिले नाहीत तर जर आणि कचरा दोन्ही पुसतो आणि चेहरे मेणाचे दिसायला लागतात. म्हणून दाबलेल्या मालावर निम्म्याचा नियम लावला की चित्र पडतं. लोक मग कोडेकला, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीला, नावं ठेवतात, पण दोष हिशेबाचा असतो.

आता तुमचे तीन प्रकार वेगवेगळे बघू, कारण तिघांचं दुखणं वेगळं आहे.

डीव्हीपासून सुरुवात करतो, तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतो. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबली जाते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी तिचा काही संबंध नसतो. आणि आपल्याकडच्या पॅल (भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीत प्रत्येक फ्रेम नेमकी १,४४,००० बाइटची असते. सेकंदाला २५ फ्रेम. त्यात २५ एमबीपीएस चित्राचे, वरून आवाज आणि इतर माहिती, मिळून तासाला साधारण १३ जीबी. आता गंमत बघा. वडिलांनी लेन्सचं झाकण न काढता कॅमेरा चालू ठेवला असेल तर त्या काळ्या पडद्यालाही २५ एमबीपीएस. मंडपात खुर्चीवर बसलेल्या आजोबांना २५. आणि रामकुंडात उड्या मारणाऱ्या शेकडो लोकांनाही २५ च. मग हा आकडा चित्राविषयी काय सांगतो? काहीच नाही. त्याला दोनने भागा की चारने, उत्तराला अर्थ येत नाही.

एच.२६४ चं गणित याच्या उलट चालतं. तो पहिली फ्रेम नीट साठवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये मुख्यतः काय बदललं तेवढं लिहितो. आजोबा नुसते बसलेले असतील तर डीव्हीचं ते दृश्य दीड-दोन एमबीपीएसमध्ये झकास राहतं. रामकुंडाच्या दृश्यात मात्र पाण्याचा प्रत्येक शिंतोडा नवा, उन्हाची चमक प्रत्येक फ्रेमला वेगळी, माणसं सगळ्या दिशांना हलताहेत. मागच्या फ्रेममधून उचलता येईल असं फारसं काही उरतच नाही. तिथे सहा-सातही कमी पडू शकतात. म्हणजे एकाच कॅसेटवर, दहा मिनिटांच्या अंतरात, गरज चौपट होते. तुम्ही सरसकट सव्वासहा लावले तर आजोबांवर बिट वाया जातील आणि रामकुंडाला तरीही कमी पडतील.

नाशिककरांसाठी एन्कोडरला घाम फोडणाऱ्या दृश्यांची यादी करायला फार लांब जावं लागत नाही. गोदाघाटावरचं वाहतं पाणी, रात्रीची आरती आणि तिचा धूर, मिरवणुकीत उधळलेला गुलाल, रंगपंचमीला रहाडीत मारलेल्या उड्या, ढोलपथकाच्या झांजांवरची चमक. त्यात रात्रीच्या जुन्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्याने अंधारात गेन (सेन्सरच्या सिग्नलचा जोर) वाढवल्यामुळे आलेली मुंग्यांसारखी वळवळ. ती वळवळ म्हणजे शुद्ध यादृच्छिक गोंधळ, तिचा अंदाज कोणत्याही कोडेकला बांधता येत नाही. रात्रीची स्थिर फ्रेम दिवसाच्या हलत्या फ्रेमपेक्षा जास्त बिट खाते, असं माझ्याकडे नेहमी दिसतं. बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं, पण कारण हेच.

एव्हीसीएचडीचं वेगळं. ते आधीच एच.२६४ आहे. २०१५ च्या तुमच्या फाईल बहुधा १०८० च्या ५० इंटरलेस्ड (म्हणजे काय ते पुढे सांगतो), वरच्या सेटिंगला २४ एमबीपीएसपर्यंत. इथे लोक विचारतात की एच.२६४ मधून एच.२६४ मध्येच नेऊन काय मिळणार? मिळतं, कारण कॅमेऱ्यातला एन्कोडर घाईत असतो. शूटिंग चालू असतानाच, बॅटरीवर, पुढे काय येणार हे न पाहता त्याला निर्णय घ्यायचे असतात. कॉम्प्युटरवरचा एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर निवांत पुढच्या कित्येक फ्रेम बघून ठरवतो की बिट कुठे खर्च करायचे. त्यामुळे तोच फॉरमॅट असून दिवसाच्या साध्या दृश्यांमध्ये जागा चांगली वाचते. गर्दीच्या आणि पाण्याच्या दृश्यांमध्ये फारशी वाचत नाही, तिथे २४ चे १८ झाले तरी पुष्कळ म्हणा.

डीव्हीडीचं उत्तर सर्वांत छोटं आहे: हात लावू नका. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तासांचं लग्न असेल तर आवाजासकट सरासरी ५.२ एमबीपीएस होतात, आणि एम्पेग-२ ला तेवढेच कसेबसे पुरतात. त्यात आणखी काढण्यासारखं फार नाही. सव्वा एमबीपीएसला नेलंत तर सप्तपदीच्या होमाचा धूर म्हणजे नुसते चौकोन दिसतील. डीव्हीडीतला तोच प्रवाह न बदलता फक्त एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाईलच्या खोक्यात ठेवता येतो. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर हे काम करतं, एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’ लावूनही होतं. एका डीव्हीडीला काही मिनिटं, आणि क्वालिटीत रतीभरही फरक नाही. खोकं बदलणं आणि आतला माल पुन्हा दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्मी कन्व्हर्जनं आपोआप रद्द होतात.

मग डीव्ही आणि एव्हीसीएचडीला बिटरेट किती द्यायचा? माझं उत्तर: देऊच नका. क्वालिटी द्या, बिटरेट तो स्वतः ठरवेल. एक्स२६४ मध्ये याला सीआरएफ म्हणतात, हँडब्रेक या कन्व्हर्जनच्या सॉफ्टवेअरमध्ये आरएफचा सरकपट्टा दिसतो तो हाच. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. साधारण सहाने आकडा वाढवला की फाईल निम्मी होते, सहाने कमी केला की दुप्पट. आजोबांच्या दृश्याला तो आपसूक दीड देईल, रामकुंडाला आठ देईल, आणि दोन्ही डोळ्याला सारखीच चांगली दिसतील. एक्स२६४ चा मूळ आकडा २३ आहे. जुन्या घरगुती शूटिंगसाठी मी १८ ते २१ मध्ये राहतो. एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर) चा मूळ आकडा २८ आहे, त्यामुळे एकातला २० आणि दुसऱ्यातला २० ही एकच गोष्ट समजू नका. ‘प्रीसेट’ (एन्कोडरच्या वेगाची सेटिंग) स्लो ठेवा. त्यापेक्षा संथ गेलात तर वेळ खूप वाढतो आणि हाती थोडंच लागतं.

हे आकडेही माझे म्हणून डोळे मिटून घेऊ नका, कारण तुमचा टीव्ही किती मोठा आणि तुम्ही किती लांबून बघता हे मला माहीत नाही. चाचणी करा. एव्हीसीएचडीमधला एक मिनिटाचा सर्वांत अवघड तुकडा निवडा. शाही स्नानाची गर्दी आणि पाणी एकाच फ्रेममध्ये असेल तो. दुसरा एक सोपा तुकडा घ्या, कोणी तरी उभं राहून बोलतंय असा. तिसरा रात्रीचा. तिन्ही तुकडे १८, २०, २२ आणि २४ वर काढा. पेन ड्राइव्हवर घालून घरच्या टीव्हीवर, नेहमीच्या सोफ्यावरून बघा. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून, फ्रेम थांबवून बघू नका, तसं कोणी लग्नाचा व्हिडिओ बघत नाही. जिथे पहिल्यांदा ‘इथे काहीतरी झालंय’ असं वाटेल त्याच्या एक पायरी अलीकडचा आकडा घ्या. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला न सांगता दाखवा. आपल्याला आकडा माहीत असला की डोळे त्या आकड्याप्रमाणे दोष शोधतात.

नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं व्हीमॅफ नावाचं मोजमाप आहे, ते मूळ आणि नव्या चित्राची तुलना करून शंभरपैकी गुण देतं. कामाचं आहे. पण तुमच्या रात्रीच्या शूटिंगवर त्यावर फार विसंबू नका. मूळ चित्रातली मुंग्यांची वळवळ नव्यात कमी झाली तर ते गुण कापतं, आणि बघणाऱ्याला मात्र नवं चित्र जास्त आवडतं.

त्यावरूनच आलं, रात्रीच्या डीव्ही तुकड्यांना दाबण्याआधी हलकासा डीनॉइज (मुंग्या कमी करणारा फिल्टर) लावा. हँडब्रेकमधला एनएलमीन्स ‘लाइट’वर पुरतो. त्याच सीआरएफला फाईल चक्क एक तृतीयांशाने कमी झालेली मी पाहिली आहे. जास्त लावलंत तर चेहऱ्यांवरून हात फिरवल्यासारखं दिसतं. आणि हे फक्त बघायच्या प्रतीवर करा, जपायच्या मूळ प्रतीवर कधीच नाही.

आता इंटरलेसिंग. तुम्ही विचारलं नाहीत, पण बिटरेटच्या नावाखाली येणाऱ्या निम्म्या तक्रारी मुळात याच्या असतात. तुमच्या डीव्ही आणि एव्हीसीएचडी दोन्हींत एक फ्रेम म्हणजे दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकात एक विणलेल्या आहेत. ते तसंच नव्या फॉरमॅटमध्ये दाबलं की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, आणि ते दात जपण्यासाठी एन्कोडर बिट उधळतो. मग लोक बिटरेट वाढवतात, आणि दात अजून स्पष्ट होतात! आधी डीइंटरलेस करा, तेही ‘बॉब’ पद्धतीने, म्हणजे ५० फील्डच्या (एका क्षणाच्या अर्ध्या ओळींच्या) ५० पूर्ण फ्रेम होतील आणि मूळची गुळगुळीत हालचाल टिकेल. फ्रेम दुप्पट झाल्या म्हणून बिट दुप्पट लागत नाहीत, कारण शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरक अगदी थोडा असतो. एक खोच आहे. पॅल डीव्हीत खालची ओळ आधी येते आणि एव्हीसीएचडीत वरची. सॉफ्टवेअरने हे चुकीचं ओळखलं तर चित्र पुढे-मागे धडपडतं. वाहनांची मिरवणूक असलेला तुकडा बघितला की लगेच कळतं. डीव्हीच्या चित्राचं ४:३ प्रमाण सांभाळा, ७२० बाय ५७६ ला चौकोनी पिक्सल समजून माणसं बारीक करू नका. आवाजाला एएसी १९२ केबीपीएस पुरे, आणि एव्हीसीएचडीतला आवाज तर तसाच कॉपी करा.

एच.२६४ की एच.२६५? जागेपुरतं बोलायचं तर डीव्हीसारख्या लहान चित्रात एच.२६५ चा फायदा तुम्हाला वाटतो तेवढा होत नाही. त्याची मोठी ताकद म्हणजे तो ६४ बाय ६४ पिक्सलचे ठोकळे एकत्र हाताळू शकतो, जिथे एच.२६४ सोळा बाय सोळावर थांबतं. फोर-के चित्रात आकाशाचा मोठा तुकडा एका ठोकळ्यात उरकतो. ५७६ ओळींच्या, मुंग्या आलेल्या चित्रात इतके सपाट तुकडे असतात कुठे? शिवाय तुम्हाला नातेवाइकांच्या टीव्हीवर लावायचंय. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बरेच टीव्ही एच.२६५ ओळखतच नाहीत. म्हणून डीव्हीला मी सरळ एच.२६४ घेईन. एव्हीसीएचडीला एच.२६५ घेतलंत तर थोडी जागा वाचेल, पण माझं मत विचाराल तर तिथेही एच.२६४ च. एव्ही१ या आणखी नव्या कोडेकचं नाव हल्ली सगळीकडे ऐकू येतं, पण घरातल्या जुन्या टीव्हीच्या यूएसबीला लावायच्या डिस्कसाठी ते अजून लांबचं आहे.

आता तुमचा १ टीबीचा हिशेब करून टाकू. सूत्र एकच: एमबीपीएसला सेकंदांनी गुणा, आठने भागा, एमबी मिळतात. म्हणजे ८ एमबीपीएसचा एक तास ३.६ जीबी. तुमचे एकूण तास ४० अधिक ६० अधिक २४०, म्हणजे ३४०. एक टीबी त्यात वाटला तर सरासरी साडेसहा एमबीपीएस येतात. आता वाटणी. १२० डीव्हीडी जशाच्या तशा घेतल्या, सगळ्या काठोकाठ भरलेल्या धरल्या, तरी ५६४ जीबी. डीव्हीच्या ४० तासांची सरासरी सीआरएफने चारच्या आसपास आली तर ७२ जीबी. एव्हीसीएचडीचे ६० तास सरासरी दहाने धरले तर २७० जीबी. बेरीज ९०६. म्हणजे तुम्हाला काही पिळायची गरजच नाही, डीव्हीडीला हात न लावताही सगळं बसतं. शाही स्नानाच्या दिवसांमुळे एव्हीसीएचडीची सरासरी बारावर गेली तर मात्र ३२४ जीबी होतील आणि डिस्क जेमतेम उरेल. तेव्हा सीआरएफ एका आकड्याने वाढवा, किंवा सरळ २ टीबीची डिस्क घ्या. दुसरा उपाय मला जास्त पटतो.

आणि ही डिस्क म्हणजे बघायची प्रत. डीव्हीच्या मूळ एव्हीआय फाईल ५२० जीबी, एव्हीसीएचडीच्या मूळ फाईल फार तर ६५० जीबी. त्या दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. फायरवायरने तुम्ही जे उतरवलंय ती टेपवरच्या डिजिटल माहितीची हुबेहूब नक्कल आहे, कन्व्हर्जन नव्हे, आणि ते करून तुम्ही सर्वांत महत्त्वाचं काम आधीच उरकलंय. चालू स्थितीतला मिनीडीव्ही कॅमेरा मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. पुढे एखादा चांगला कोडेक आला तर त्या मूळ फाईलवरूनच नवी प्रत काढायची, आज दाबलेल्या प्रतीवरून नाही. एकदा गेलेला तपशील बिटरेट वाढवून परत येत नाही, बेदाणे भिजत घातले म्हणून द्राक्षं होत नाहीत.

उलट दिशेचा प्रश्न तुम्हाला येत्या सिंहस्थात पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. भाच्याने फोनवर एच.२६५ मध्ये घेतलेलं शूटिंग एखाद्या मंगल कार्यालयाच्या एलईडी वॉलसाठी एच.२६४ मध्ये मागितलं जाईल. तेव्हा बरेचजण मूळ फाईलचा आकडा बघतात, समजा ८ एमबीपीएस, आणि तोच ८ लावतात. चित्र लगेच पडतं. कार्यक्षम फॉरमॅटमधून कमी कार्यक्षम फॉरमॅटकडे जाताना मूळपेक्षा जास्त बिट लागतात, तिथे दीड ते दोन पट धरा. ८ चे १२ ते १६. फाईल मोठी झाली म्हणून चित्र सुधारलं असं होत नाही, फक्त आणखी खराब व्हायचं थांबतं. आणि फोनचं शूटिंग दहा बिटच्या एचडीआरमध्ये असेल तर आधी रंग नीट उतरवून घ्या, नाहीतर भगवे झेंडे धुतल्यासारखे फिके दिसतील आणि तुम्ही पुन्हा बिटरेटला दोष द्याल.

ठरावीक बिटरेट द्यावाच लागतो अशा मोजक्या जागा आहेत. जिथे जागा किंवा नळी ठरलेली असते. डीव्हीडी बनवताना, लाइव्ह प्रक्षेपणात, किंवा कोणी लेखी मागणी केली असेल तर. डीव्हीडी असेल तर टू-पास वापरा. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळं चित्र चाळतो, दुसऱ्या फेरीत ठरलेली शिल्लक अवघड दृश्यांकडे वळवतो. यूट्यूबला चढवताना १०८० ला २५-३० फ्रेमसाठी ८ आणि ५०-६० फ्रेमसाठी १२ एमबीपीएस असं ते स्वतः सुचवतात. पण ते कसंही पुन्हा दाबतातच, म्हणून हात सैल ठेवा आणि मूळ फाईलवरून काढलेली प्रत चढवा. व्हॉट्सॲपला तर तुमच्या बिटरेटशी काही देणंघेणं नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलंत तरच फाईल तशीच पोचते.

सीआरएफची एक अडचण सांगून ठेवतो. मधेच एखाद्या दृश्यात बिटरेट उसळी मारतो आणि जुन्या टीव्हीचं यूएसबी पोर्ट अडखळतं. त्यासाठी सीआरएफच्या जोडीला मॅक्सरेट (बिटरेटची वरची मर्यादा) २० एमबीपीएस आणि बफसाइझ (ती मर्यादा मोजायचा बफर) तेवढाच किंवा थोडा जास्त लावा. म्हणजे क्वालिटीनेच चाललंय, वर फक्त टोपी घातली. ग्राफिक कार्डवरचा एन्कोडर वापरणार असाल तर काम झटक्यात होतं, पण त्याच चित्राला तो एक्स२६४ पेक्षा जास्त बिट मागतो, विशेषतः कार्ड जुनं असेल तर. आणि त्याचे क्वालिटीचे आकडे वेगळे असतात, वरची चाचणी पुन्हा करावी लागेल. तुमच्यासारख्या एकदाच करायच्या कामाला मी प्रोसेसरच वापरेन, रात्रभर लावून. रात्रभर लावणार असाल तर आउटपुट एमपी४ ऐवजी एमकेव्ही ठेवा. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे पहाटे चारला लाइट गेली तर आख्खी फाईल उघडत नाही. एमकेव्ही गेली तिथपर्यंत चालते. नंतर हवं तर न दाबता एमपी४ च्या खोक्यात घाला.

एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. ज्या टीव्हीवर बघायचंय त्यातला सर्वांत जुना कोणता, त्याचं मॉडेल कळवा. १०८० च्या ५० पूर्ण फ्रेमला एच.२६४ ची ४.२ लेव्हल (टीव्हीला किती झेपतं याची पायरी) लागते. ४.१ पर्यंतच झेपणारा टीव्ही असेल तर तुमच्या एव्हीसीएचडीच्या प्रती २५ फ्रेमच्या कराव्या लागतील. तसं निघालं तर वरच्या २७० जीबीमध्ये अजून थोडी कपात होईल, पण स्नानाच्या दृश्यांमधली हालचाल थोडी तुटक दिसेल. साठच्या साठ तास रांगेत लावण्याआधी दहा मिनिटांची एक ५० फ्रेमची फाईल त्या टीव्हीवर चालवून बघा आणि काय होतं ते इथे लिहा.